ब्रीडला लिफ्ट, गावठीला जिना

कुत्रं पाळायचं ठरवलंय म्हणताय? लई भारी. पण घाई करू नका, आधी आमच्यासारख्या पोळलेल्या माणसाचं ऐका. गेल्या रविवारी आमच्या अपार्टमेंटची मिटिंग झाली, त्यात पाण्याची टाकी, पार्किंग, ड्रेनेज हे विषय नेहमीसारखे पुढच्या मिटिंगला ढकलले आणि एक ठराव मात्र एकमतानं पास केला (माझं मत सोडून, ते मोजलंच नाही), की लिफ्टमधून फक्त 'ब्रीडचे डॉग' न्यायचे, बाकीच्यांनी जिना वापरायचा. बाकीचे म्हणजे आमचा गावठी कुत्रा, तांबड्या. बिल्डिंगमध्ये बाकीचं दुसरं कुणी नाहीच. तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कुत्र्याकडं बघू नका, कागदाकडं बघा. पिल्लू खेळकर आहे का, माणसाला भितंय का, डोळ्यातनं पाणी येतंय का, असले प्रश्न विचारून अडाणीपणा दाखवायचा नाही. 'पेपर हायत का?' एवढंच विचारायचं. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा पेपर असला तर बघायलाच नको, त्यात आई, बाप, आजा, पणजा सगळे नावानिशी असतात. आपल्याला स्वतःच्या पणज्याचं नाव विचारलं तर गावाकडं फोन लावावा लागतो, पण कुत्र्याचा पणजा पाठ पाहिजे. आता त्या पेपरात बापाचं हृदय कसं होतं, आईला श्वास नीट घेता येत होता का, यातलं काही लिहिलेलं नसतं, कुणाच्या पोटी कोण आलं एवढंच असतं. पण त्याचं काय एवढं, लग्नाच्या पत्रिकेत तरी कुठं लिहितात. आणि क्लबचा नसला तर विकणाऱ्यानं घरच्या प्रिंटरवर काढलेला पेपर पण चालतो. सोनेरी बॉर्डर पाहिजे फक्त.

दुसरी, फ्लॅट वन बीएचके असेल तर वासराएवढं होणारं सेंट बर्नार्डच घ्या.

तिसरी, आपल्या हवेला शोभेल असं कुत्रं बघा, म्हणजे हस्की. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फातनं गाड्या ओढायला घडवलेलं जनावर, अंगावर दोन थरांची लोकर, त्याला आपल्या एप्रिल-मेमध्ये आणून सोडायचं. आमच्याकडं वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी आणलंय. दिवसभर एसी चालू, कुत्रं फरशीवर पोट टेकून धापा टाकतंय आणि साहेब कौतुकानं सांगतात, "त्याला इथलं सूट होत नाही ओ, फॉरेनचं आहे ना." पहाटे रंकाळ्यावर आणतात तेव्हा ते ओढतंय, ओढणारच की, पिढ्यानपिढ्या तेच काम केलंय त्यानं, आणि साहेब मागनं घसरत 'नो, नो, स्टॉप' करत चाललेत. ब्रीडच्या कुत्र्याशी मराठीत बोलायचं नसतं. मग जूनमध्ये पाऊस लागला की ती लोकर वाळायचं नाव घेत नाही, आणि त्यानंतर लिफ्टमध्ये जो वास मागं राहतो त्याच्याबद्दल कुठलाही ठराव झालेला नाही हे तेवढं नोंदवून ठेवतो.

चौथी, नाक जेवढं आत तेवढं कुत्रं भारी. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत ते चपट्या तोंडाचं पग आलं आणि निम्म्या महाराष्ट्राला 'हचचं कुत्रं' पाहिजे झालं. ते घोरतं तेव्हा व्हिडिओ काढून स्टेटसला टाका, 'बघा कसं गोड झोपलंय'. त्याला श्वास पुरत नाही म्हणून ते घोरतंय, चेहरा चपटा करता करता आतली हवेची वाटच अरुंद करून ठेवलीय माणसानं, म्हणून उन्हात चार पावलं चाललं की जीभ निळी पडते. बुलडॉगच्या पिल्लांची डोकी एवढी मोठी की बऱ्याच माद्यांचं सिझेरियन करावं लागतं. पण दिसतंय किती क्यूट.

पामेरियनवाल्यांनी मात्र गप्प बसावं. लहानपणी तुमच्या घरी जे पांढरं भुंकणारं पामेरियन होतं ते बहुतेक इंडियन स्पिट्झ होतं, दिसायला तसंच पण जात वेगळी. कुणाला सांगू नका, मी पण सांगत नाही.

आता खानदान. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मिटिंगमध्ये सगळ्यात जास्त याच्यावरच बोललं गेलं. "आमच्या डॉबरमॅनचं ब्लडलाइन बघा आणि तुमचं ते कुठलं कुठलं" असं एक काकी म्हणाल्या. बरं. जर्मनीत आपोल्डा नावाच्या गावात कार्ल डोबरमॅन म्हणून एक करवसुलीवाला होता, आपल्याकडचा घरफाळा वसूल करणारा म्हणा, आणि गावातली बेवारस कुत्री ठेवायचा कोंडवाडा पण तोच सांभाळायचा. वसुलीला जाताना सोबत दणकट कुत्रं पाहिजे म्हणून त्यानं वेगवेगळी कुत्री एकमेकांत मिसळून हे कुत्रं तयार केलं, आणि कुठली कुठली मिसळली याची धड नोंद पण ठेवली नाही. काकी, हे तुमचं ब्लडलाइन. जर्मन शेफर्डचं ऐकायचंय? मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या कॅप्टननं १८९९ मध्ये एका प्रदर्शनात मेंढरं राखणारं एक कुत्रं बघितलं, घेतलं, त्याचं नाव बदललं, क्लब काढला आणि रजिस्टरला पहिला नंबर त्यालाच दिला. सकाळी धनगराचं कुत्रं, संध्याकाळी खानदानी! लंडनचा केनेल क्लबच मुळात १८७३ चा. त्याच्याआधी कामाला चांगलं असलेलं कुत्रं कामाला चांगल्या कुत्रीला लावायचे, मग कुणीतरी रजिस्टर उघडलं, त्यात तेव्हा जी होती ती लिहिली आणि दार लावून घेतलं. मग आतल्या आत तीच तीच लग्नं. नात्यात नात्यात करत राहिल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला पाहिजे काय?

डाल्मेशियनचं उदाहरण तर फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे. ठिपकेवालं ते. त्याच्या लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त, त्यानं मुतखडे होऊ शकतात, आणि हे जास्तीचं अ‍ॅसिड दोन-चार कुत्र्यांत नाही, त्या काळी शुद्ध म्हणून जेवढी नोंदवली तेवढ्या सगळ्यांत होतं. रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एकदा, फक्त एकदा, पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला, त्यानंतर पुढं परत डाल्मेशियनशीच, आणि निरोगी जनुक जातीत परत आलं. ठिपके तसेच, कुत्रं तसंच, खडे गेले. आता या माणसाची मिरवणूक काढायला पाहिजे होती का नको? अमेरिकन केनेल क्लबनं १९८१ मध्ये त्यातली दोन कुत्री नोंदवून घेतली, तर डाल्मेशियनवाल्यांनीच बोंब मारली की आमची जात बाटली, आणि नोंदणी बंद. परत दार उघडायला २०११ साल उजाडलं. तीस वर्षं कुत्री खड्यानं कळवळू देत पण रजिस्टरला डाग नको! आणि ही माणसं कुत्र्यांवर प्रेम करणारी म्हणवतात स्वतःला.

आणि हे आपण कुठं बोलतोय, तर कोल्हापुरात. इथं ज्यांच्या गोठ्यात एचएफ क्रॉस, म्हणजे विदेशी होल्स्टीनच्या संकराची गाय आहे, रानात ८६०३२ चा ऊस उभा आहे, तो पण दोन उसांचा संकरच, त्या संकराच्या दुधाचं बिल आणि त्या संकराच्या उसाचं बिल खात्यावर आलं की त्यातनं शुद्ध रक्ताचं कुत्रं आणायचं. रविवारी कोंबडा मात्र गावठीच पाहिजे, डबल पैसे देऊन, बॉयलरला नाक मुरडतात. ज्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली त्यांच्या पुतळ्याला २६ जूनला दसरा चौकात हार घालायला जी मंडळी पुढं असतात तीच मिटिंगमध्ये मला विचारतात, "तुमच्या कुत्र्याची जात कुठली?" गुरुवारी नृसिंहवाडीला जातात, दत्ताच्या फोटोतली चार कुत्री भक्तिभावानं बघतात, तिथं नाही विचारत पेपर.

बाकी किरकोळ सूचना. देशी घ्यायचंच असेल तर निदान मुधोळ घ्या, ते सडपातळ शिकारी कुत्रं, इंग्लंडच्या राजाला, पंचम जॉर्जला मुधोळच्या घोरपडे सरकारांनी पिल्लं भेट दिली होती, २००५ मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, तरी इथं रस्त्यानं नेलं की बायका थांबून विचारणार, "उपाशी ठेवता काय ओ त्याला?" क्रॉस घ्यायचा असेल तर महागातला घ्या, लॅब्राडूडल वगैरे, स्वस्तातल्या क्रॉसला मिक्स म्हणतात आणि महागातल्याला डिझायनर. ज्या वॉली कॉनरननं ऑस्ट्रेलियात अंध लोकांच्या मदतीला म्हणून तो लॅब्राडोर-पूडल संकर केला त्यालाच नंतर त्याचा पश्चात्ताप झाला, कारण लोकांनी काम विसरून नुसता धंदा मांडला, पण तुम्ही कशाला ऐकताय त्याचं.

पिल्लू तीस दिवसांचं असतानाच आणा. आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही आणि ब्रीडरची नोंदणी पाहिजे असे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत म्हणे, ते नियम बॉक्समध्ये पिल्लं घालून रस्त्याला गाडी लावणाऱ्याला माहीत नाहीत, तुम्ही पण विसरा.

चला, चेष्टा पुरे झाली, माझ्याच्यानं आता होईना.

गावठी कुत्रं अमर असतं असं माझं म्हणणं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठानं २०१३ मध्ये आजारी पडलेल्या सत्तावीस हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक आजार बघितले, त्यातले १० शुद्ध जातीत जास्त निघाले, १३ मध्ये काही फरक नाही आणि एक, मागच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटायचा, तो मिश्र कुत्र्यांत जास्त. म्हणजे दवाखाना कुणाला चुकलेला नाही. पार्व्हो (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग) तांबड्याला पण होऊ शकतो, गोचीड ताप पण, रेबीजची लस तर दोघांना पण पाहिजेच आणि दरवर्षी पाहिजे. रस्त्यावरची टोळकी रात्री गाडीमागं लागतात त्याला मी पण भितो, त्यावर नसबंदी, लस आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचा कचरा उचलणं हा इलाज आहे, जात विचारणं हा नाही. आणि तांबड्या तर मिश्र पण नाही. उभे कान, वळलेली शेपटी, आखूड तांबूस केस, ही ठेवण कुणी क्लबात बसून ठरवलेली नाही, याच उन्हात आणि याच पावसात जे तगलं ते असं दिसतं. त्याला एसी लागत नाही, भाकरी-दूध आणि उकडलेलं अंडं खाऊन त्याची तब्येत बघा आणि तुमच्या इम्पोर्टेड फूडवाल्याची बघा.

आता ठरावाबद्दल. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दुपारी मी कामावर असतो, तांबड्याला खाली नेते माझी आई, सत्तरीला आलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले. हे त्या मिटिंगमधल्या प्रत्येकाला माहीत आहे, दिवाळीला तिच्या हातच्या चकल्या खाल्ल्यात सगळ्यांनी. ती बाई जिन्यानं चढणार आणि हस्की लिफ्टनं जाणार, का तर त्याच्या आजोबाचं नाव कागदावर आहे. लाज वाटत नाही तुम्हाला? अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक आहे, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करायचा सोसायटीला अधिकार नाही, त्यात ब्रीड आणि गावठी असा भेद कुठं लिहिलेला नाही. त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावलीय. कुणीतरी फाडली. परत लावलीय. उद्यापासून आई लिफ्टनंच जाणार, तांबड्याबरोबर, कुणाला अडवायचं असेल त्यानं माझ्यासमोर अडवावं.

आणि ज्यांनी पिल्लू वाढदिवसाला आणलं, रील बनवले, आणि खर्च झेपेना म्हणून गाडीत घालून लांब सोडून आले, त्यांना पण सांगतो. कात्यायनीच्या रस्त्याला एक लॅब्राडोर फिरतंय, गळ्यात अजून लाल पट्टा आहे, येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीमागं पळतंय. रस्त्यावर जगायचं त्याला माहीत नाही, उकिरड्यावर दुसरी कुत्री त्याला टिकू देत नाहीत. कुणाचं आहे ते तुम्हाला बरोबर कळलंय. पेपर आहेत ना घरात त्याचे? मग ते घ्या, गाडी काढा आणि त्याला घेऊन या.