बापू, बोट आणि उत्पन्नाचा दाखला

वर्गणीचा क्यूआर कोड मारुती चौकातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आलाच होता. एका रिक्षावाल्याचं पोरगं, हृदयाला छिद्र, त्याच्या ऑपरेशनसाठी वर्गणी. काल कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता.

बापूंनी चहा यायच्या आधीच निकाल दिला. "मी रुपाया देणार न्हाई. सरकारनं महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचाराला 5 लाख केल्यात, पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा. मग ही वर्गणी कशाला? फुकटची सवय लागलीया लोकांना."

"मर्दा, छिद्र काय सवयीनं पडतंय?" तात्या उखडला.

टपरीवरच्या वैनी सकाळी अंगणवाडीत असतात, त्यामुळं यातलं आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं. पातेलं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बापू, योजना हाय. 2013 पासनं बाल स्वास्थ्य कार्यक्रमबी हाय. वर्षातनं दोनदा डॉक्टर अंगणवाडीत येऊन पोरं तपासत्यात, छिद्राचं ऑपरेशन त्यातनं मोफत होतंय. पण रात्री पोराला धाप लागल्यावर बाप जवळचा दवाखाना गाठणार, का योजनेची यादी वाचत बसणार?"

"मग त्या दवाखान्यानं सांगायचं की!"

"धर्मादाय असला तर 10 टक्के खाटा गरिबांना मोफत द्यायच्या असत्यात, आणखी 10 टक्के सवलतीत. तुमास्नी ठावं होतं? न्हाई ना? मग त्याला कोण सांगणार?"

बापू गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. "आधी उत्पन्नाचा दाखला दाखवू दे, मग बघू."

"2019 च्या पुरात तुमच्या माडीला बोट लागली, तवा तुम्ही दाखवलावता व्हय दाखला?"

कट्टा खदाखदा हसला. मला मात्र वैनींचं पुढचं बोलणं जास्त पटलं. ऑपरेशनचा खर्च योजनेतून होईलही. पण तेवढे दिवस रिक्षा बंद, फायनान्सचा हप्ता डोक्यावर, पुण्या-मुंबईत आईबापानं राहायचं कुठं आणि खायचं काय? आपली वर्गणी तिथं लागते. आणि पैशाइतकाच सोबत जाणारा माणूस लागतो. आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठणारा, कागद घेऊन खिडकीपाशी उभा राहणारा. घाबरलेल्या बापाला एकट्याला हे जमत नाही, आणि ते त्याच्यावर सोडून देणं मला तरी बरं वाटत नाही.

"दाखल्यासाठी मी जातो उद्या तहसीलला," पिंट्या म्हणाला.

"तू? तुझा स्वतःचा दाखला चार वर्षं झाली निघंना!" तात्या.

"म्हणूनच म्हणतोय. तिथली सगळी टेबलं वळखीची झाल्यात."

तेवढ्यात बापूंना जुनं दुखणं आठवलं. "बोटीचं काढलंच हाय म्हणून सांगतो. ह्या तात्यानं माझा टीव्ही घेतला न्हवता बोटीत!"

"जागा न्हवती."

"तुझं बोकड बसलंवतं की!"

"बोकड घाबरलंवतं, बापू. टीव्ही शांत होता."

पिंट्याच्या नाकातनं चहा आला. बापूही हसता हसता खोकायला लागले, आणि वैनींनी त्यांच्याच खिशातला मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. "करा स्कॅन. हजार. टीव्हीचे धरून."