सुपर ॲडमिनचे मामा

दिंडोरीच्या मामांची द्राक्षं, पंचवटीतलं एका शेठचं लॉज, सिडकोतल्या मावशीचे रांगोळी क्लासेस, सगळ्यांच्या वेबसाइटी मीच बघतो, कारण मी 'घरचाच', आणि घरच्याला पैसे कोण देतं. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, प्लगिनचं, म्हणजे साइटला जोडलेल्या जादा सोयीचं, अपडेट आलं की प्रत्येकीत शिरून तेच बटण दाबायचं. सगळ्या साइटी वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, म्हणून शेवटी वैतागून मी सगळ्यांना त्याच्या मल्टिसाइटवर, म्हणजे अनेक साइटी एकाच ठिकाणाहून चालवायच्या सोयीवर, आणायचं ठरवलं.

सोय काही नवीन नाही, 2010 साली वर्डप्रेसची 3.0 आवृत्ती आली तेव्हापासून आतच आहे. कॉन्फिगच्या फायलीत एक ओळ टाकायची, मग टूल्समध्ये नेटवर्क सेटअप उगवतो. साइट महिन्याहून जुनी असली की तो सबडोमेनच, म्हणजे मुख्य पत्त्याच्या पुढे वेगळं नाव लावलेले पत्तेच, घ्या म्हणतो, मग ते सगळे एकदम जुळवणाऱ्या वाइल्डकार्ड डीएनएसच्या मागे लागा, ते असो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारखा प्रकार आहे, पोस्टा-पानांच्या चुली वेगळ्या पण युजर, थीम, प्लगिन यांचा नळ एकच, आणि नळाची चावी सुपर ॲडमिनकडे, म्हणजे सगळ्या साइटींच्या मुख्य कारभाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे! दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो.

मग फोन सुरू झाले. शेठ म्हणे, "ओ, माझं प्लगिनचं बटण कुठं गेलं? पैसे भरायचे राहिलेत का?" आता नेटवर्कमध्ये साइटवाल्याला तो मेनू आपण चालू केल्याशिवाय दिसतच नाही, हे त्यांना समजावता समजावता गंगापूर रोडचा सिग्नल तीनदा हिरवा झाला, मागचे हॉर्न वेगळेच. त्यांना 2027 च्या सिंहस्थाचे रेट टाकायचे होते, त्याला प्लगिन लागतच नाही. पण बटण होतं ते गेलं म्हणजे काहीतरी काढून घेतलं, एवढंच त्यांच्या डोक्यात. मावशीला मदतनीस पोरीला युजर करायचं होतं, तेही बंद, तीही परवानगी वरूनच.

खरी गंमत मामांची. घडाचा फोटो काही केल्या चढेना. नेटवर्कमध्ये एका फायलीची मर्यादा आधीपासूनच 1500 केबी ठेवलेली असते आणि मामांचा नवा फोन एकेक मणी मोजता येईल असा फोटो काढतो. "अरे भाच्या, द्राक्षं एक्स्पोर्टची आहेत, तुझ्या साइटला झेपंनात का?" मी रात्री बसून मर्यादा 10240 केबी केली, अभिमानाने फोन केला, तर मामा म्हणाले, "राहू दे, जमलं माझं. मामीला व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिथं फोटो आपोआप बारीक होतो, तिच्या फोनमधून घेऊन चढवतो."

ही युक्ती त्यांनी शेठलाही शिकवली. शेठला मामी नाहीत म्हणून ते फोटो मला पाठवतात, आणि मी परत पाठवायचे. परवा मामा म्हणाले, "तुझी फार धावपळ होते रे, ते सुपर ॲडमिन मला करून टाक, तू नुसते फोटो पाठवत जा."