कॉटन रिच

परवा फुले मार्केटमागच्या एका दुकानात, पंधरा-वीस माणसांसमोर, माझ्या अंगावरच्या शर्टाचा एक धागा उपसून जाळण्यात आला. परवानगी घेतली नव्हती असंही म्हणता येत नाही, कारण मी "अहो आप्पा" एवढं म्हणालो होतो आणि आमच्याकडे जळगावात "अहो" म्हटलं की समोरचा "हो" ऐकतो. शर्टाला खालच्या बाजूला आता एक रेघ पडलीय. बायको म्हणते दिसत नाही. मला दिसते.

झालं असं की पोरीला, वय अडीच वर्षं, मानेवर आणि कोपराच्या खळीत लाल पुरळ उठली. डॉक्टर म्हणाले, सैल सुती कपडे घाला, चादरी सुती ठेवा, नवीन कापड एकदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नका, खोलीतला जाड गालिचा काढा, त्यात धूळ बसते. चार वाक्यं. त्या चार वाक्यांचं घरी येईपर्यंत "मुलीची खोली" नावाचं प्रोजेक्ट झालं, आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल वाचून कापडातला तज्ज्ञ झालो.

तज्ज्ञ झालेला माणूस सकाळी दुकानात गेला की काय होतं ते सांगतो. मी काउंटरवरच्या पोऱ्याला म्हटलं, ओइको-टेक्सचं लेबल असलेली बेडशीट दाखव. हे कापडातली घातक रसायनं तपासून दिलं जाणारं लेबल आहे, 1992 पासून चालू आहे आणि तीन वर्षांखालच्या पोरांच्या कापडाला त्यातली सगळ्यात कडक परीक्षा असते. पोऱ्या आत गेला, दोन मिनिटांनी आला आणि म्हणाला, "सर, ती कंपनी संपली. हे घ्या, तिच्यासारखीच आहे." मी विचारलं, बरं, यात अझो डाय तर नाही ना? (अझो रंगांपैकी काही रंग सुटून त्यांचे असे घटक होतात की ज्यांनी कॅन्सरचा धोका असतो, म्हणून आपल्याकडेही असे बरेच रंग 1997 पर्यंत बंद झाले.) तो म्हणाला, "सर डाय नाहीये, प्रिंट आहे."

मग त्याने गठ्ठाच काढला. "ग्लेस कॉटन" म्हणून एक चादर, हात लावला तर मांजराच्या पाठीसारखी मऊ आणि ट्यूबलाईटमध्ये चमकणारी, त्यावर परी, ढग आणि शिंगवाला घोडा, तीनशे पन्नासला डबल बेड, दोन अभ्रे फ्री. मला रात्रीचं वाचलेलं आठवलं, ग्लेस कॉटन नावाने जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा कॉटन फक्त नावात असतं. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, हे पॉलिस्टर आहे, मला प्युअर कॉटन पाहिजे, शंभर टक्के, लहान मुलीसाठी पाहिजे. आवाज चढवायला नको होता. कारण कोपऱ्यातल्या स्टुलावर आप्पा बसले होते.

आप्पा दुकानाचे मालक नाहीत, नोकर नाहीत, गिऱ्हाईकही नाहीत. धोतर, पांढरी टोपी, बशीत ओतलेला चहा. नंतर कळलं की ते चाळीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत पाहायचे, आता रिटायर झालेत आणि घरी सुनेला त्रास नको म्हणून रोज अकरा ते एक दुकानात त्रास द्यायला येतात. त्यांनी बशी खाली ठेवली आणि अहिराणीत सुरू केलं.

"दादा, काय इचारी राह्यना तू? कापूस?"

"हो आप्पा. प्युअर कॉटन."

"मंग हाऊ सदरा काबर घालेल शे?"

मी म्हटलं हा कॉटनच आहे. आप्पा म्हणाले, कोन सांगं तुले? मी म्हटलं, लेबलवर लिहिलंय. आणि कॉलर उलटी करून दाखवलीसुद्धा, काय बुद्धी सुचली देव जाणे. पोऱ्याने मोठ्याने वाचलं, "कॉटन रिच." म्हणजे कॉटन जास्त, पूर्ण नाही.

"लेबल काय कपाशीना झाडले लागस का?" असं म्हणून आप्पा उठले, माझ्याजवळ आले आणि शर्टाचं खालचं टोक अंगठा आणि बोटात धरून डोळे मिटले. डोळे मिटून! डॉक्टर नाडी बघतात तसं. दुकान गप्प झालं. परकराचं कापड मापणाऱ्या एक मावशी मापायच्या थांबल्या. तेवढ्यात मी ते "अहो आप्पा" म्हणालो, आणि आप्पांनी नखाने एक धागा पकडून सर्रकन उपसला. चांगला वीतभर निघाला.

बंडीच्या खिशातून काडेपेटी निघाली. आता, कापडाच्या दुकानात कोणी काडी ओढली तर मालकाचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. शेठ गल्ल्यावरून ओरडले, आप्पा, दुकान पेटवाल! आप्पांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तुनं दुकान पेटाव नही रे, वितळी जाई."

यावर जो हशा झाला त्यात मीही हसलो. आपली पाळी यायची असते तेव्हा माणूस असाच हसतो.

आधी त्यांनी टोपीतून की कुठून एक सुती दोरा काढला आणि जाळून दाखवला. "देख, कापूस जळना का कागदना वास येस. राख व्हस. फुंकर मारी का उडी जास." खरंच, करडी भुरभुरीत राख झाली आणि फुंकरीने मावशींच्या परकरावर जाऊन बसली. मग माझा धागा. तो ज्योत जवळ येताच आखडला, गुंडाळला, लहान मूल सुई बघून मागे सरकतं तसा मागे सरकला, थोडा काळा धूर, आणि चहाच्या बशीत टपकन एक काळी गोटी. आप्पांनी ती गार होऊ दिली, दोन बोटांत फिरवली, दाबली. फुटली नाही. मग त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. बक्षीस दिल्यासारखी.

आणि दुकानाला उद्देशून म्हणाले, "ह्या साहेबले आंडेरकरता कापूस पाहिजे, आनि सोता पिलास्टिक घालीसन वना!" आंडेर म्हणजे पोरगी.

शेजारच्या दुकानातले दोघं हे बघायला आले होते. पोऱ्याने ती गोटी माझ्या हातातून घेऊन परत सगळ्यांना दाखवली. मी म्हटलं, या मावशींच्या साडीचाही धागा काढा ना, तीही चमकतेय. तर आप्पा म्हणे, बाईमाणसाच्या साडीला हात लावत नसतात. मग माझ्या शर्टाला बरा लावला! बाराशे नव्व्याण्णव रुपये दिले होते, ऑनलाईन, त्यावर रिटर्न पॉलिसी सात दिवस. मे महिन्यात हाच शर्ट घालून मी पंचेचाळीस डिग्रीत बँकेत गेलो होतो आणि घाम का येतोय म्हणून वजनाला दोष देत होतो. साधी गोष्ट आहे, कापूस नुसत्या हवेतूनसुद्धा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही, घाम जाणार कुठे? हे मी पोरीच्या चादरीसाठी वाचलं होतं. स्वतःला लावून बघितलं नव्हतं.

कॉटन रिच म्हणे. कॉटनवर रिच कोण झालं ते एकदा आमच्या काकांना विचारा.

कारण बघा, मी जळगाव जिल्ह्यातल्याच यावल तालुक्यातला. लहानपणी आम्हाला मुलांची खोली होती, लोकांना खोटं वाटेल पण होती, आणि ती शंभर टक्के कॉटनची होती. म्हणजे दिवाळीनंतर कापूस वेचून आला की भाव वाढेल या आशेवर तो त्या खोलीत आढ्यापर्यंत भरायचे आणि आम्ही भावंडं त्याच्यावर उड्या मारत मोठे झालो. जगातल्या कुठल्याच श्रीमंत पोराला इतकी मऊ खोली मिळाली नसेल. फक्त महिन्याभरात अंगाला अशी खाज सुटायची की आई आम्हाला ओसरीवर झोपवायची, त्या साठवलेल्या कापसात किडे होतात. भाव वाढायचा नाही. शेवटी जानेवारीत व्यापारी म्हणेल त्या भावाला गाडी भरायची, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले दिसायचे, तेवढाच काय तो कापूस कुणाला फुकट मिळायचा. आता तोच कापूस कुठे कुठे जाऊन चादर होऊन येतो तर मला तो ओळखायला काडेपेटी लागते, आणि काडेपेटीसोबत एक आप्पा लागतो. ज्या जळगावात जिनिंगचे भोंगे ऐकून लोक घड्याळ लावायचे आणि जिथल्या खान्देश मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तिथे साडेतीनशेत मिळते ती पॉलिस्टरची परी आणि खऱ्या सुताची चादर म्हटली की हजाराच्या पुढे. मग लोक परी घेतील नाही तर काय करतील? डॉक्टरला "सुती घाला" म्हणायला काय जातंय.

असो. आजीच्या गोधडीचंही कौतुक मला कुणी सांगू नका. ती चांगलीच, जुनं लुगडं शेकडो वेळा धुतलेलं, रंग-खळ काही उरलेलं नाही. पण आजी ती ज्या ट्रंकेत ठेवायची त्यात मूठभर डांबर गोळ्या असायच्या. त्या गोळ्या पोरांना पेपरमिंट वाटतात, आणि काही बाळांना तर त्यात ठेवलेले कपडे नुसते घातल्यानेही रक्ताचा त्रास होतो, कावीळ वाढते. हे घरी बोललो तर आई दोन दिवस बोलली नाही. "तुम्ही मेला नाहीत ना?"

फर्निचरचं थोडक्यात सांगतो कारण त्याची जखम जुनी झाली. सुताराला विचारलं, बोर्डाला एवढा वास का, फॉर्मल्डिहाइड कमी असलेला ई-झिरो नाही का मिळत? तो म्हणाला, "साहेब, वास गेला म्हणजे जुना झाला." पेंटवाल्याला म्हटलं, रंगात शिसं किती? नियम आहे 2017 च्या नोव्हेंबरपासून, 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात 90 भागांच्या, वर नको. त्याने डबा हातात घेऊन वजन केल्यासारखा केला आणि म्हणाला, नाही, हलका आहे.

तर त्या दिवशी आप्पांनीच आतल्या मांडणीवरून एक पांढरी चादर काढायला लावली, निळी बारीक रेघ, ना परी ना घोडा. धागा जाळला, राख झाली, फुंकर मारली. अकराशे रुपये. वर "साहेबकडतीन" म्हणून दुकानात सगळ्यांना चहा सांगितला, अकरा कप, पैसे मी दिले. पोरीने घरी आल्यावर चादर बघितली आणि विचारलं, घोडा कुठंय?

रात्री ती झोपल्यावर मी ताटात पाणी घेऊन गच्चीवर बसलो आणि कपाटातल्या एकेका शर्टाचा एकेक धागा काढून जाळला. आतल्या शिवणीतला, आप्पांसारखा रानटीपणा नाही. गोटी. गोटी. अर्धी राख, अर्धी गोटी. लग्नातल्या "प्युअर कॉटन" कुर्त्याची गोटी तर एवढी टणक की चाव्यांना अडकवता येईल. बायको वर आली, बघितलं, आणि काही न बोलता खाली जाऊन स्वतःच्या साड्यांच्या कपाटाला कुलूप लावून आली.

पूर्ण राख झाली ती एकाच कापडाची. ते मी ओळखलं नाही आधी, वाळत घातलेलं होतं म्हणून त्याचाही धागा घेतला. माझा कॉलेजातला जुना शर्ट होता तो. चार वर्षं झाली, त्याने आम्ही फरशी पुसतो.

पडदे आणायचे राहिलेत. डोरी लोंबणारे नकोत, पोरांच्या गळ्याला फास बसतो. साधे, सुती, धुता येणारे. आप्पा निघताना म्हणालेच होते, "सक्काय ये, पडदा बी देखी लेसुत." अकरा ते एक ते असतात. मी दीडला जाणार आहे.