'नुसती नर्सरी' म्हणणाऱ्या 'डावा विंगर' यांना उत्तर

'डावा विंगर', नमस्कार.

सर्बियातल्या नोवी सादच्या वोयवोदिना या फुटबॉल क्लबवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया टाकलीत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. शंभराहून जास्त वर्षांत लीगची दोन विजेतेपदं, म्हणजे ती निव्वळ नशिबाने मिळाली. हा क्लब म्हणजे बेलग्रेडच्या रेड स्टार आणि पार्टिझान या दोन धेंडांची नुसती नर्सरी. मी ज्यांचे गोडवे गायले ते वोयवोदिनाचे जुने खेळाडू बोश्कोव, मिहायलोविच, तादिच सगळे मोठे झाले ते दुसरीकडे. आणि मिहायलोविचचं राजकारण मी सोयीस्करपणे गाळलं. वर 'हरणाऱ्यांवर लिहायची तुम्हाला खोडच आहे' असा टोलाही हाणलात.

टोला आवडला. आता मुद्द्यावर येतो.

दोन विजेतेपदं, १९६६ आणि १९८९. आकडा लहान आहे, वादच नाही. पण तो कशाच्या शेजारी ठेवायचा ते बघा. सर्बियात बेलग्रेडबाहेरचे किती क्लब आहेत! निश, क्रागुयेवाच, सुबोतिचा, चाचाक, उझित्से, क्रुशेवाच. यातल्या एकानेही देशाची लीग कधी जिंकलेली नाही. ना जुन्या युगोस्लावियात, ना नंतरच्या तुकड्यांत. जिंकली ती एकट्या वोयवोदिनाने, आणि तीही त्या काळच्या लीगमध्ये, जिथे झाग्रेबचा दिनामो होता, स्प्लिटचा हायदुक होता आणि बेलग्रेडचे दोघे होतेच. आजच्या सर्बियन लीगमध्ये दोन घोडे पळतात. तेव्हा निदान चार पळत होते.

आणि नशीब म्हणावं तर ते फारच नियमितपणे येत होतं. १९५७ साली दुसरा क्रमांक. त्याच वर्षी मित्रोपा कपच्या, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत, तिथे बुडापेस्टच्या वाशाशकडून हार. १९६२ साली पुन्हा दुसरे. मग १९६६ साली पहिले. १९७५ साली परत दुसरे, आणि १९७७ साली मित्रोपा कप घरी. म्हणजे वीस वर्षं हा संघ वरच्या टेबलाशी बसलेला आहे.

आता नर्सरी. इथे मला तुमच्याशी नीट भांडायचंय, कारण तुम्ही नंतरच्या काळातली गोष्ट उचलून आधीच्या काळावर चिकटवताय.

युगोस्लावियात बराच काळ नियम होता की वयाची २८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूला परदेशी क्लबकडे जाता येणार नाही. खेळाडूंच्या दृष्टीने हा नियम जाचकच होता. ऐन उमेदीची कमाई बुडायची. पण प्रांतातल्या क्लबला त्याचा फायदा मिळाला. वुयादिन बोश्कोव हा नोवी सादजवळच्या बेगेच गावचा पोरगा. तो वोयवोदिनाकडे पंधराएक वर्षं खेळला, देशासाठी ५७ सामने खेळला, आणि रेड स्टार किंवा पार्टिझानचा शर्ट त्याने कधीच घातला नाही. इटलीला, साम्पदोरियाला गेला तो १९६१ साली, तिशी गाठल्यावर. त्याच वर्षी त्याच क्लबात त्याचा जोडीदार तोडोर वेसेलिनोविच गेला. हा 'तोझा' नोवी सादचाच. पार्टिझानला जाऊन आला, पण परतला तो वोयवोदिनाकडे, आणि १९५६, १९५७, १९५८ आणि १९६१ असा चार हंगामांत लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. नर्सरीतली रोपं असं करत नाहीत हो.

(जाता जाता: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लावियाने आपल्या भारताला १०–१ असं धुतलं होतं. त्या वेळच्या युगोस्लाव पथकात बोश्कोव होता, आणि पुढे वोयवोदिनाला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षक ब्रान्को स्टान्कोविचही होता. आपली ओळख तेवढी जुनी आहे.)

बोश्कोव १९६४ साली परतला आणि तांत्रिक संचालक झाला. मैदानावर स्टान्कोविच. गोलात इलिया पान्तेलिच, मध्यात दोब्रिवोये त्रिविच, पुढे सिल्वेस्टर ताकाच. १९६५–६६ ची लीग त्यांनी अशी जिंकली की शेवटच्या आठवड्यांत कुणाला बोटं मोजत हिशेब करत बसावं लागलं नाही. पान्तेलिच आणि त्रिविच हे दोघं १९६८ च्या युरो स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या युगोस्लाव संघात खेळले. क्लबची कुवत याहून कशी दाखवायची?

तुम्ही म्हणता, 'सेल्टिकविरुद्धच्या एका हारेवर तुम्ही चार परिच्छेद खर्च केले.' केलेच. अजून एक करतो.

१९६६–६७ चा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग. वोयवोदिनाने आधी व्हिएन्नाच्या आडमिराला काढलं, मग अ‍ॅट्लेटिको माद्रिदला. अ‍ॅट्लेटिकोविरुद्ध घरी ३–१, तिकडे ०–२. त्या काळी बरोबरी झाली की तिसरा सामना असे, आणि तो माद्रिदमध्येच झाला. तरीही जादा वेळेत ३–२ ने जिंकले. मग उपांत्यपूर्व फेरीत ग्लासगोचा सेल्टिक. १ मार्च १९६७ ला नोवी सादमध्ये सेल्टिकच्या टॉमी जेमेलचा मागे दिलेला पास तोकडा पडला आणि मिलान स्तानिचने गोल केला. १–०. आठवड्याने ग्लासगोत तासाभराच्या जरा आधी पान्तेलिचच्या हातून एक क्रॉस निसटला आणि स्टीव्ही चामर्सने तो आत ढकलला. दोन्ही सामने मिळून १–१. घड्याळ नव्वदीत, सगळे तिसऱ्या सामन्याच्या तयारीत, आणि सेल्टिकला कॉर्नर. चार्ली गॅलाघरने चेंडू आत टाकला, कप्तान बिली मॅकनील सगळ्यांच्या वर उडाला आणि त्याचं डोकं लागलं. पुन्हा खेळ सुरू करायलाही जेमतेम वेळ उरला होता. अडीच महिन्यांनी तोच सेल्टिक लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून युरोपचा विजेता झाला. त्या वाटेवरचा सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी कोण, असं विचारलं की सेल्टिकच्या त्या संघातले लोक वोयवोदिनाचं नाव घेत.

तुम्ही याला हार म्हणा. मी ब्रिटनमधला पहिला युरोपियन कप आणि नोवी साद यांच्यातलं अंतर म्हणतो, आणि ते एका कॉर्नरएवढं होतं.

१९८९ च्या विजेतेपदाबद्दल तुम्ही खोचकपणे लिहिलंय की 'त्या वर्षी नियमच विचित्र होते'. होते खरे. १९८८–८९ पासून बरोबरीत सुटलेल्या सामन्यानंतर पेनल्टी शूटआउट घेत, जिंकणाऱ्याला एक गुण, हरणाऱ्याला भोपळा. पण हा नियम एकट्या वोयवोदिनासाठी नव्हता ना! रेड स्टारही त्याच नियमाने खेळत होता. आणि तो रेड स्टार कोणता? त्याच हंगामात युरोपियन कपमध्ये प्रशिक्षक साक्कीच्या मिलानला ज्याने बेलग्रेडच्या धुक्यात जवळजवळ बाहेर काढलं होतं तो. मिलान कसाबसा पेनल्टीवर सुटला आणि पुढे कप घेऊन गेला. त्या रेड स्टारला दुसऱ्या क्रमांकावर बसवून वोयवोदिनाचा प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविचच्या पोरांनी लीग मारली. सिनिशा मिहायलोविच तेव्हा विशीत नुकता पाऊल टाकत होता, बोरोवोच्या छोट्या क्लबातून आलेला. स्लाविशा योकानोविच नोवी सादचाच, तोही विशीतला.

आणि आता तुमच्या बाजूने बोलतो. १९८९ नंतर तुमची 'नर्सरी' बरोबर आहे. पुढच्या हंगामात युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत बुडापेस्टच्या होनवेदने त्यांना, एकूण गोल सारखे असताना, परक्या मैदानावर केलेल्या गोलाच्या जोरावर बाहेर काढलं. १९९० साली योकानोविच पार्टिझानला गेला. मिहायलोविचला रेड स्टारने उचललं. आणि २९ मे १९९१ ला बारीमध्ये रेड स्टारने मार्सेला हरवून युरोपियन कप जिंकला तेव्हा बाकावर प्रशिक्षक कोण, तर ल्युप्को पेत्रोविच. मैदानात मिहायलोविच, शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी गोलात. वोयवोदिनाच्या दृष्टीने बघितलं तर त्या करंडकाचा एक कान तरी आपल्या घरचा. पण लोक म्हणतात रेड स्टारचा कप, आणि ते बरोबरच म्हणतात.

मग देश फुटला. निर्बंध आले, युगोस्लाव क्लबांना युरोपात खेळायला बंदी आली, लीग आक्रसली, पैसा बेलग्रेडकडे आणि खेळाडू परदेशी. वयाचा नियम इतिहासजमा झाला. तेव्हापासून प्रांतातल्या क्लबने खेळाडू घडवायचा आणि विकायचा, हाच धंदा झाला. दुशान तादिच बाच्का तोपोलाचा, वोयवोदिनातून २०१० साली ग्रोनिंगेनला गेला. सर्गेय मिलिन्कोविच-साविच २०१४ साली गेंकला गेला, विशीही ओलांडली नव्हती. बोश्कोव आज जन्मला असता तर एकोणिसाव्या वर्षी बेल्जियममध्ये असता. तुमचं निदान खरं आहे, पण हा रोग जन्मजात नाही, नंतर जडलेला आहे. माझा सगळा लेख एवढंच सांगत होता.

'मोठे झाले ते दुसरीकडे' या वाक्याबद्दल. बोश्कोवने रेआल माद्रिदला १९८० ची लीग आणि १९८१ च्या युरोपियन कपची अंतिम फेरी दाखवली, साम्पदोरियाला १९९१ साली इटलीची लीग जिंकून दिली. हे नोवी सादच्या खात्यात कसं जमा करणार, असा तुमचा सवाल. नका करू. पण पुढचं बघा. १९९२ साली बोश्कोव रोमाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच मोसमात रोमाकडे कोण आलं, तर मिहायलोविच. मार्च १९९३ मध्ये ब्रेशाविरुद्ध बोश्कोवने सोळा वर्षांच्या फ्रान्चेस्को तोत्तीला, म्हणजे रोमाच्या पुढच्या मोठ्या स्टारला, पहिल्यांदा मैदानात उतरवलं. 'त्या पोराला टाक' असं मिहायलोविचनेच सुचवलं होतं, असं सांगतात. साम्पदोरियात पुन्हा दोघं एकत्र. युरो २००० ला बोश्कोव देशाचा प्रशिक्षक आणि मिहायलोविच बचावात. स्लोव्हेनियाविरुद्ध ०–३ पिछाडीवर असताना मिहायलोविचला लाल कार्ड मिळालं आणि दहा जणांनी ३–३ केलं. (त्या स्पर्धेतला स्पेनविरुद्धचा ३–४ विसरा. मी अजून विसरलेलो नाही.) एका प्रांतातल्या क्लबची दोन पिढ्यांची माणसं एकमेकांना अशी धरून राहतात, याला मी क्लबचा इतिहास म्हणतो. नुसते करंडक मोजून तो दिसत नाही.

राजकारणाचं. मिहायलोविच वुकोवारला जन्मला, वडील सर्ब, आई क्रोएट, आणि १९९१ च्या युद्धात त्या भागाची राखरांगोळी झाली. युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेल्या 'आर्कान' या सर्ब निमलष्करी म्होरक्याशी त्याची मैत्री होती आणि ती त्याने लपवली नाही. २००० साली पॅट्रिक व्हिएरा या कृष्णवर्णीय फ्रेंच खेळाडूला वंशद्वेषी शिवीगाळ केल्याबद्दल त्याला जाहीर माफी मागावी लागली. इटलीच्या लीगमध्ये थेट फ्री किकवर २८ गोल करणारा माणूस हाच. यातल्या एका गोष्टीने दुसरी झाकली जात नाही. माझा लेख १९८९ च्या संघावर होता, तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा होता, देश अजून एक होता आणि यातलं काही घडायचं होतं. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहीन तेव्हा हे सगळं पहिल्या परिच्छेदात असेल.

हे सगळं सुरू झालं कुठून तेही एका ओळीत सांगतो, तुम्ही 'प्रांतीय' या शब्दाला नाक मुरडलंत म्हणून. १९१४ च्या मार्चमध्ये नोवी साद ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. सर्ब विद्यार्थ्यांनी क्लब काढला तो गुपचूप, आणि पहिला सामना शहरात नाही, कोविल्य गावात खेळले. लाल-पांढरा शर्ट नंतर आला, प्रागच्या स्लावियाकडून. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं नावसुद्धा गेलं, 'स्लोगा' म्हणून खेळावं लागलं; १९५१ साली जुनं नाव परत मिळालं. असा क्लब राजधानीकडे जरा तिरक्या नजरेने बघतो यात नवल काय?

ती तिरकी नजर बघायची असेल तर ११ मे २०११ चा सर्बियन कपचा अंतिम सामना शोधा. पार्टिझान २–१ ने पुढे, शेवटची काही मिनिटं बाकी, आणि पंचगिरीवर भडकून वोयवोदिनाचा सगळा संघ मैदान सोडून निघून गेला. परत आलाच नाही. कप पार्टिझानला दिला गेला. मला विचाराल तर तो शुद्ध वेडेपणा होता. राहिलेल्या वेळात एक गोल होऊ शकला असता. पण २००७, २०१०, २०११, २०१३ असे चार अंतिम सामने हरल्यावर २०१४ साली यागोदिनाला २–० ने हरवून कप घेतला, आणि २०२० साली निशमध्ये पेनल्टीवर, समोर तोच पार्टिझान.

निशवरून आठवलं. तुम्ही शेवटी 'आता रादनिच्की निशवर लिहून दाखवा' असं आव्हान दिलंय. घेतलं. १९८१–८२ च्या युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपियन कपच्या खालच्या क्लब स्पर्धेत, त्यांनी नापोली, ग्रासहॉपर्स, फेयेनोर्ड आणि डंडी युनायटेडला एकामागोमाग घरी पाठवलं. उपांत्य फेरीत हॅम्बर्गला निशमध्ये २–१ ने हरवलं आणि जर्मनीत जाऊन ५–१ ने मार खाल्ला. पोरगेला ड्रागान स्टोयकोविच, म्हणजे 'पिक्सी', त्याच क्लबातून वर येत होता, आणि त्याला पुढे रेड स्टारने नेलं ते १९८६ साली. डंडीला तिकडे ०–२ हरून निशमध्ये ३–० ने उलटवलं, त्या सामन्याचं चित्रण तुम्हाला कुठे दिसलं तर दुवा खाली टाका. लेख त्याच सामन्यापासून सुरू करायचा विचार आहे.