जर्मन रडारडीच्या बाजूने

जर्मन मूकपटांतल्या सामाजिक शोकनाट्यांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निदान एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘आफग्रुंडेन’ला मी जर्मन चित्रपटांच्या रांगेत बसवलं, ती चूकच. १९१० चा हा मूकपट डेन्मार्कचा. दिग्दर्शक उर्बान गाड आणि नायिका आस्टा नील्सन, दोघंही तिथलेच. लेखात दुरुस्ती केली आहे. तो उल्लेख मात्र काढलेला नाही, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट सुरूच होत नाही. याच चित्रपटाच्या जोरावर ती दोघं १९११ मध्ये जर्मनीत गेली. बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत १९१२ च्या फेब्रुवारीत, काचेच्या इमारतीत, पहिल्यांदा चित्रीकरण झालं तेही त्यांच्याच ‘डेर टोटेनटान्झ’चं.

आता तुमचा मुख्य आरोप. तुम्ही लिहिलंत, “फसलेली मुलगी, लबाड पुरुष आणि शेवटी मरण. एक पाहिला की सगळे पाहिले. जर्मन मूकपट म्हणजे ‘कॅलिगारी’. बाकी सगळा मोलकरणींसाठी काढलेला माल.”

‘कॅलिगारी’ (१९२०) म्हणजे रंगवलेल्या वाकड्यातिकड्या भिंतींचा तो गाजलेला भयपट. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक कार्ल मायर. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्याच मायरने ‘शेर्बेन’ आणि ‘हिंटरट्रेपे’ लिहिले, म्हणजे मी ज्यांच्यावर लिहिलं आणि तुम्ही ज्यांना माल म्हणालात, तेच दोन. डॉक्टर कॅलिगारी झालेला वेर्नर क्राउस ‘शेर्बेन’मध्ये रेल्वेचा गँगमन आहे. वाकड्या भिंती रंगवल्या की कला आणि भिंती सरळ उभ्या राहिल्या की रडारड, हा हिशोब मला काही जमत नाही.

आणि ‘मोलकरणींसाठी’ म्हणालात ना, तर ‘हिंटरट्रेपे’ या नावाचा अर्थच ‘मागचा जिना’. नोकरमाणसांनी वापरायचा जिना. या जिन्याने घरोघरच्या मोलकरणींना ज्या स्वस्त, भडक कादंबऱ्या विकल्या जात, त्यांना जर्मनमध्ये ‘मागच्या जिन्याच्या कादंबऱ्या’ म्हणत, आणि ती शिवीच होती. लेओपोल्ड येस्नर आणि पाउल लेनी या दिग्दर्शकांनी तीच शिवी उचलून पाटीसारखी दारावर लावली. तुम्ही जे शंभर वर्षांनी हिणवून लिहिलंत, ते त्यांनी नावातच सांगून टाकलं होतं.

कथा तुम्ही सांगितलीत तशीच आहे, नाकारत नाही. मोलकरणीचा प्रियकर परगावी जातो, त्याची पत्रं येत नाहीत. तिच्यावर जीव असलेला अपंग पोस्टमन ती दडवत असतो. मग तिचे हाल बघवत नाहीत म्हणून तोच प्रियकराच्या नावाने पत्र लिहितो. पुढे प्रियकर परत येतो, कुऱ्हाड चालते, आणि ती छतावरून उडी घेते. कुऱ्हाडीचा भाग मलाही जड गेला, आणि पोस्टमन झालेला फ्रिट्झ कोर्टनर इतका वाकतो की कधीकधी हसू येतं. पण त्याआधीचं काय? गजर होतो, हेनी पोर्टेन उठते आणि कामाला लागते. कॅमेरा त्या कामाकडे बघत राहतो. दिवसभर मालकांच्या तालावर चालणाऱ्या बाईला स्वतःचा म्हणून मिळणारा वेळ एवढाच, पत्राची वाट बघण्याचा. तोही हिरावला जातो तेव्हा खरी शोकांतिका घडून गेलेली असते. उडी नंतरची. यातल्या कुणालाही नाव नाही. मोलकरीण, पोस्टमन, प्रियकर, बस्स.

‘शेर्बेन’ (दिग्दर्शक लुपू पिक) तर याहून कोरडा. बर्फ, रूळ, आणि रुळांवरून रोजची फेरी मारणारा बाप. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर त्याच्याच घरी उतरतो आणि मुलीला नासवतो. आई रात्री बर्फातून वाटेवरच्या क्रूसाशी प्रार्थनेला जाते आणि तिथेच गोठून मरते. बाप इन्स्पेक्टरचा गळा दाबतो, लाल कंदील दाखवून गाडी थांबवतो. अख्ख्या चित्रपटात संवादाची पाटी एकच : “मी खुनी आहे.” जन्मभर गाड्या सुरळीत जाव्यात म्हणून राबलेला माणूस पहिल्यांदा गाडी अडवतो, ती स्वतःचा गुन्हा सांगायला. याला रडारड म्हणायचं तर म्हणा, पण यात रडतंय कोण?

“इतिहासकारही हे मोजत नाहीत,” असंही तुम्ही लिहिलंत. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या चित्रपटांपुरतं ते बराच काळ खरं होतं. जर्मन सिनेमाचा अभ्यासक झिगफ्रीड क्राकाउअरने १९४७ च्या पुस्तकात १९१८ पर्यंतचा काळ ‘आदिम’ म्हणून उरकला. पण १९९० मध्ये इटलीतल्या पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवात ‘कॅलिगारी’पूर्वीचा जर्मन सिनेमा ओळीने दाखवला गेला आणि ते मत टिकलं नाही. शिवाय एमिली आल्टेनलोह या बाईंनी जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या प्रेक्षकांना प्रश्नावल्या वाटून अभ्यास केला होता, १९१४ मध्ये छापून आला तो. कष्टकरी बायकांना ही सामाजिक नाट्यं फार आवडत, हे त्यात नोंदलंय. दिवसभर राबून, खिशातले पैसे मोडून त्या बघायला जात. त्यांना काही कळत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही.

एकच चित्रपट बघणार असाल तर ब्रूनो रानचा ‘डिर्नेनट्रागेडी’ (१९२७) बघा. पंचेचाळीस वर्षांची आस्टा नील्सन, उतरत्या वयाची वेश्या. घरातून पळालेल्या एका तरुण विद्यार्थ्यासाठी साठवलेले पैसे काढून ती मिठाईचं दुकान घ्यायला निघते. ती बाहेर असताना तो दुसऱ्या, तरुण वेश्येकडे वळलेला असतो. शेवट पटला नाही तर सोडून द्या. दुकानाच्या स्वप्नाने तिचा चेहरा कसा पालटतो, तेवढं बघा.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, “आपला काय संबंध?” ‘अछूत कन्या’ पाहताना डोळे भरून आल्याचं तुम्हीच मागे इथे लिहिलं होतंत. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा, १९३६ चा चित्रपट. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी, आणि शेवटी गाडीखाली मरण. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, म्युनिकचा. मूकपटांच्या काळातच घडलेला.