लाउरी ‘काड्यांची माणसं’ काढणारा हौशी चित्रकार नव्हता

एल. एस. लाउरी या इंग्लिश चित्रकाराचं गिरण्यांचं एखादं चित्र फिरायला लागलं की सोबत ठरलेला मजकूरही फिरतो: हा मँचेस्टरकडचा भाडेवसुली कारकून, कुठेही न शिकलेला, सुट्टीच्या दिवशी रंगवणारा, माणसं जमत नव्हती म्हणून काड्यांसारख्या आकृत्या काढल्या आणि रंगांची जाण नव्हती म्हणून सगळं राखाडी. यातली नोकरी तेवढी खरी.

‘न शिकलेला’ हे तर सपशेल खोटं. १९०५ पासून तो मँचेस्टरच्या कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गांना जायचा. तिथे अॅडॉल्फ व्हॅलेट हे फ्रेंच चित्रकार त्याला शिकवायला होते. पुढे शेजारच्या सॉल्फर्ड शहरातही त्याचं शिक्षण बरीच वर्षं चाललं.

सुट्टीपुरता रंगवणारा? १९३२ मध्ये वडील गेले, आई अंथरुणाला खिळली. दिवसा वसुली, मग आईचं सगळं करायचं आणि ती झोपली की रात्री उशिरापर्यंत रंगवत बसायचं, असं १९३९ मध्ये ती जाईपर्यंत चाललं. हौशी म्हणून हिणवतील म्हणून तो नोकरी लपवायचा. तरी तोच शिक्का मारला जातो, याचा मला खरोखर राग येतो.

माणसं जमत नव्हती म्हणणाऱ्यांनी त्याची मॉडेल समोर बसवून केलेली रेखाटनं आणि १९२५ चं आत्मचित्र पाहावं. गर्दीतली माणसं त्यानं ठरवून तशी काढली. सावल्याही तशाच मुद्दाम गाळल्या.

रंगांचं म्हणाल तर ट्यूब पाचच: आयव्हरी ब्लॅक (काळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), प्रशियन ब्लू (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा), फ्लेक व्हाइट (पांढरा). गडद पार्श्वभूमीवर गडद माणसं उठून दिसत नाहीत, असं शिक्षक बर्नार्ड टेलर यांनी सुनावल्यावर त्यानं पार्श्वभूमीला पांढरा धरला. नुसता धरला नाही, पारखला. एका फळीवर फ्लेक व्हाइटचे थरावर थर देऊन ती बंद करून ठेवली. काही वर्षांनी उघडून ताज्या पांढऱ्याशेजारी धरली, तर जुना पांढरा पिवळसर-करडा झालेला. त्याला हवा होता तो हाच रंग! म्हणजे चित्र पुढे कसं मुरेल याचा हिशेब धरून तो रंगवत होता. याला अजाणता राखाडी कसं म्हणायचं?

आणि त्याची समुद्रचित्रं? १९५२ च्या चित्रात पाणी आणि आकाश, बस. गिरणी नाही, माणूस नाही, एकही काडी नाही. आणि एकटेपणा गिरण्यांच्या चित्रांपेक्षा कणभरही कमी नाही.