उंची विमानालाच विचारून कसं चालेल? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉकपिटमध्ये दोन अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारी यंत्रं) एकमेकांशी जुळवलेले असतात, एटीसीला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई नियंत्रकाला, स्क्रीनवर उंची दिसते, वर टक्कर टाळणारं टीकॅस आहे; मग आरव्हीएसएमसाठी, म्हणजे खूप उंचावर वर-खालच्या विमानांत २,००० ऐवजी १,००० फूटच अंतर ठेवण्यासाठी, बाहेरून उंची तपासणं म्हणजे नुसते कागदी घोडे. शिवाय चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकली त्याचा दाखला, आणि 'प्रत्येक विमान तपासतात' हे माझं विधान चूक असल्याचा टोला. टोला बरोबर बसलाय, त्याकडे येतोच. पण पहिल्या मुद्द्यावर मी हटणार नाही.

अहो, स्क्रीनवरची ती उंची रडार मोजत नाही. रडारला विमान कुठे आणि किती लांब एवढंच कळतं. उंची विमानाचा ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारा रेडिओ) कळवतो, आणि त्याला ती जिथून मिळते तिथूनच ऑटोपायलटला, वैमानिकाला आणि टीकॅसलाही मिळते. साक्षीदार चार, पण चौघांनी ऐकलंय एकाच्याच तोंडून. ऑक्टोबर १९९६ मध्ये लिमाला एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ धुताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर) लावलेली टेप तशीच राहिली. रात्री समुद्रावर भांबावलेले वैमानिक कंट्रोलरला उंची विचारत होते आणि तो बिचारा स्क्रीनवरचे ९,७०० फूट वाचून दाखवत होता. तेवढ्यात विमान पाण्याला टेकलं. ७० माणसं गेली.

टेप निदान बोंब तरी मारते. छोटा दोष मुकाट बसतो. मी हँगरमध्ये असताना एका विमानाच्या बाहेरून केलेल्या उंची-तपासणीचा निकाल मर्यादेबाहेर आल्याचं पत्र आलं. (कंपनीचं नाव सांगणार नाही.) आम्ही लीक चेक केला (दाबाच्या नळ्या कुठे गळत नाहीत ना ते पाहिलं), दाबावरून उंची काढणारा एअर डेटा कॉम्प्युटर बेंचवर तपासला, सगळं चोख. दोन्ही अल्टिमीटर एकमेकांशी जुळतात, मग पत्रच चुकलं असणार, अशी आमची खात्री! शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने टॉर्च आडवी धरून पोर्टभोवतीच्या चौकटीतून बोट फिरवलं. नव्या रंगाचा कंगोरा लागला. दोन्ही बाजूंना, सारखाच. म्हणून तर अल्टिमीटर जुळत होते. दोघं मिळून एकच खोटं बोलत होते. लीक चेकला आपण पोर्टवर अडॅप्टर लावतो, तिथे हवा वाहतच नाही. तो कंगोरा ताशी ८०० किलोमीटरच्या वाऱ्यातच बोलणार.

आणि वर हवा इतकी विरळ की दाबातली जराशी चूक भारी पडते. समुद्रसपाटीला दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७ फूट. ३९ हजार फुटांवर तेवढ्याच फरकाचे शंभराच्या वर फूट होतात. २९० लेव्हलच्या (म्हणजे २९ हजार फुटांच्या) वर पूर्वी २,००० फुटांचं अंतर ठेवायचे ते उगाच नाही. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००३ पासून २९० ते ४१० मध्ये ते १,००० वर आलं. अल्टिमीटर यंत्रणेच्या चुकीला मर्यादा २४५ फुटांची. वरचं विमान तेवढं खाली आणि खालचं तेवढं वर असेल, तर हजारातले ५१० उरले. त्यातच ऑटोपायलटचं डुलणं.

म्हणून बाहेरचा साक्षीदार. ऑस्ट्रियातल्या लिंझला जमिनीवरचे रिसीव्हर एकाच विमानाचा सिग्नल कोणाकडे किती आधी-उशिरा पोचला यावरून त्याची खरी भौमितिक उंची काढतात. त्या वेळी ती फ्लाइट लेव्हल हवेत नेमकी कुठे होती, हे हवामानाच्या आकड्यांवरून ठरवतात. दोन्हींतला फरक म्हणजे एकूण चूक. त्यातून विमानाने स्वतः कबूल केलेली चूक (नेमलेली लेव्हल आणि त्याने कळवलेली उंची यांतला फरक) वजा केली की न कबूल केलेली उरते. 'जीपीएस असताना हे कशाला' असंही तुम्ही विचारलंत. उडायला सगळे एकाच दाबाच्या पातळीवर हवेत, म्हणून तिथे जीपीएस नाही. तपासायला मात्र चालतो. ऑस्ट्रेलियात एडीएस-बीतून (विमान स्वतःची माहिती सतत प्रसारित करतं त्यातून) येणारी जीपीएसची उंची त्यासाठीच वापरतात.

चरखी दादरीचं म्हणाल, तर तो अपघात आरव्हीएसएमचा नव्हे. १४-१५ हजार फुटांवर अंतर आधीपासून हजाराचंच होतं, आणि १५ हजारांवर थांबायला सांगितलेलं कझाक विमान उतरतच गेलं. ३४९ जीव गेले, पण अल्टिमीटरच्या चुकीने नव्हे. मॉनिटरिंगने असा अपघात टळत नाही, हे तुमचं खरं. माणसाच्या चुका, म्हणजे भलत्या लेव्हलवर जाणं किंवा एका केंद्राने दुसऱ्याला चुकीची लेव्हल कळवणं, यांची वेगळी नोंद होते आणि आपल्या भागाची ती बँकॉकच्या 'मार'कडे (आशियासाठीच्या देखरेख संस्थेकडे) जाते. ब्राझीलमध्ये २००६ साली टक्कर झालेली दोन्ही विमानं ३७ हजारांवर अगदी बरोब्बर होती. तेव्हा अचूकता पुरेशी आहे असं मी म्हटलेलं नाही.

आता माझी चूक. प्रत्येक विमान तपासत नाहीत. ज्या प्रकाराची वागणूक नीट माहीत आहे, त्याची प्रत्येक कंपनीची किमान दोन विमानं, दोन वर्षांतून किंवा हजार उड्डाण-तासांतून एकदा, यातलं जे उशिरा येईल ते. कुठल्याच गटात न बसणारं विमान असेल तर मात्र ते स्वतःच तपासावं लागतं. दोनच का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एकाच साच्यातल्या विमानांची चूक बरीचशी सारखी निघते, हा त्यामागचा हिशेब. पण आमच्या त्या रंगाच्या कंगोऱ्यासारखा एकट्या विमानाचा दोष त्यातून निसटू शकतो. आमचं विमान त्या दोनांत होतं, हे नशीब. मूळ लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय.